धोतऱ्याचं प्रात्यक्षिक

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत घरोघरी मटणाचा वास सुटायचा आणि आमच्या दारातून भिंतीवर पत्रकं चिकटवायच्या खळीचा. आई मैद्यात पाणी घालून, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकून, ती जर्मनच्या पातेल्यात घोटत बसायची. त्या पातेल्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही, असा तिचा सक्त हुकूम होता. खळ गार होईपर्यंत आम्ही चौघं जमिनीवर बसून पत्रकं दुमडायचो. बाबा कागद एकावर एक जुळवायचे, दादा घडी घालायचा, मी स्टीलच्या चमच्याची पाठ फिरवून घडी पक्की करायचे आणि आई पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायची. चमचा कागदावरून फिरताना एक बारीक, कोरडा आवाज येतो. आजही कुठे दवाखान्यात, बँकेत कुणी कागदाची घडी घातली की माझी मान आपोआप तिकडे वळते. भांडुपच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीच्या खाली आमची खोली होती. पोटमाळ्यावर पत्रकांचे गठ्ठे होते आणि त्यांना डोकं टेकून मी झोपायचे. माझ्या वयाच्या मुली ज्या गोष्टी वाचून मोठ्या झाल्या, त्यातलं मी फारसं काही वाचलेलं नाही. मी हुंड्यावरचं, पाण्यावरचं, भोंदू बाबांवरचं वाचून मोठी झाले. एका कागदाच्या दोन बाजू, त्यापलीकडे जग नव्हतं.

बाबा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात कटिंग मशीनवर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका आणि औषधांची खोकी कापायची आणि संध्याकाळी मालकाच्या परवानगीने उरलेल्या कागदावर आमचं पत्रक काढायचं, असा त्यांचा क्रम. बोलायचेही पत्रकासारखं. भाजीत मीठ कमी असलं तरी म्हणायचे, "या घरात मिठाच्या बाबतीत गेले तीन दिवस जी उदासीनता दिसते..." आणि आई बरणी त्यांच्यासमोर आदळायची. "घ्या. उदासीनता घालवा." दादा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायचा. त्याचं नाव निखिल. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याच्या खिशात कायम टेस्टर असायचा आणि बोटांना ग्रीसचा वास. मी तेव्हा बारावीला होते आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. बाबांची वाक्यं लांबतात, माझी टोचतात, असं मंडळात सगळ्यांचं मत पडलं होतं. मला त्याचा माज होता. तो माज होता हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

मंडळ म्हणजे सात-आठ माणसं. त्यांत वयाने सगळ्यांत मोठे कदम सर, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. बुवाबाजी करणारे लोक जे चमत्कार दाखवतात ते आम्ही चौकात करून दाखवायचो आणि मग त्यामागचं रहस्य सांगायचो. दादा जिभेवर पेटता कापूर ठेवायचा, पाणी शिंपडून नारळातून जाळ काढायचा, निखाऱ्यावरून झपझप चालायचा. तो हे सगळं गंमत करत करायचा. निखाऱ्यावरून उतरल्यावर म्हणायचा, "पाय भाजले नाहीत, पण चपला कोणी नेल्या ते सांगा." लोक हसायचे, आणि हसलेला माणूस मग ऐकतो. आमचा नियम एकच होता: आधी स्वतः करायचं, मग लोकांना सांगायचं. आणि त्या नियमाच्या पोटात एक समजूत होती, जी आम्ही कधी कुठल्या कागदावर लिहिली नाही, कारण ती समजूत आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्या गोष्टीचं रहस्य आपल्याला कळलं ती गोष्ट आपलं काही वाकडं करू शकत नाही, असं आम्हाला वाटायचं. कापरापुरतं ते खरं होतं. निखाऱ्यापुरतंही खरं होतं.

त्या वर्षी टेकडीच्या पायथ्याला एक महाराज येऊन राहिले. पत्र्याची शेड होती, तिथे फरशी बसली, मग कमान आली, मग भोंगा आला. सोमवारी रांग लागायची. महाराज निवडक लोकांना एक काळी गोळी द्यायचे, गुळात वळलेली. तिला दर्शनाची गोळी म्हणत. ती घेतली की गेलेली माणसं भेटतात, समोर बसून बोलतात. आमच्या शेजारचे सावंत काका गिरणी बंद पडल्यापासून वॉचमनचं काम करायचे, मितभाषी माणूस. त्यांनी ती गोळी घेतली आणि दीड दिवस ते खोलीच्या कोपऱ्याशी बोलत राहिले. कोपऱ्यात त्यांची आई बसली होती. पंधरा वर्षांपूर्वी वारलेली. शुद्धीवर आल्यावर त्यांना काही आठवेना, पण काकूंनी सांगितलं तेव्हा ते रडले आणि पुढच्या सोमवारी पुन्हा रांगेत उभे राहिले. दुसरी गोळी घरी आणली ती काकूंनी हातातून हिसकावली आणि तशीच आमच्या दारात घेऊन आल्या.

सावंत काकू मालवणकडच्या. घरात मराठी बोलायला लागल्या तरी रागात त्यांची भाषा गावाला परत जायची. त्यांनी गोळी दादाच्या हातावर ठेवली.

"घे झिला. तुमी लोकांक समजावतास ना, तर ह्या समजाव. ह्या धुतऱ्याचा बी आसा. वासान वळाखलंय मी."

धोतरा आमच्या टेकडीवर कुठेही उगवतो. पांढरी, कर्ण्यासारखी फुलं, काटेरी बोंडं. महाशिवरात्रीला बायका ती बोंडं पिंडीवर वाहायला नेतात. दादाने गोळी नाकाशी धरली. "मग झालं तर काकू. देव नाही, झाड आहे. महाराजांची वाट लागली."

"झाड आसा म्हणान हसतंस? देवाक हात जोडल्यार तो ऐकता तरी. झाड कोणाचा ऐकता? आमच्या गावाक एका झिलान पैजेन खाल्ल्यान. तीन दिस कपडे काढून शेतात फिरत होतो. चौथ्या दिसा बावीत गावलो." त्या उंबऱ्यावर बसल्या. "एका बोंडात काय नसता, बाजूच्या बोंडात मरण आसता. झाड काय मापान इख घालता?"

बाबांनी चष्मा वर केला. "वहिनी, भीतीनेच हे बाबा लोक जगतात. तुम्ही पण तेच करताय."

"बरा हां भावजी. मी अडाणी," असं म्हणून काकू गेल्या. त्यांच्या पाठीमागे मी आणि दादाने त्यांची नक्कल केली. "झाड कोणाचा ऐकता?" मी डोळे मोठे करून म्हणाले, आणि दादाने कपाळावर हात मारून घेतला. आज सांगते, त्या दुपारी आमच्या घरात धोतऱ्याबद्दल खरी माहिती असलेलं एकच माणूस आलं होतं आणि आम्ही त्याची नक्कल केली. आम्हाला ज्ञान फक्त छापील भाषेत ओळखता यायचं.

कदम सरांचं म्हणणं साधं होतं. गोळी प्रयोगशाळेत द्यायची, अहवाल आला की पोलिसांत तक्रार करायची, मग सभा घ्यायची. बाबांना ते पटलं होतं. पण मला धीर नव्हता. रांग दर सोमवारी वाढत होती. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. "दर्शन देवाचं की धोतऱ्याचं?" असा मथळा दिला आणि शेवटी घातलं: "येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता, मठासमोरच्या मैदानात, आमचा कार्यकर्ता हीच गोळी सर्वांसमक्ष खाईल. त्याला देव दिसणार नाही. त्याला काहीही होणार नाही." शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी ते मोठ्याने वाचून पाहिलं होतं. ते फार चांगलं वाजत होतं. बाबा म्हणाले, "एकदम टोकदार." दादा भाकरीचा तुकडा ठेच्याला लावत म्हणाला, "कार्यकर्ता म्हणजे मीच ना? विचारून तरी घ्यायचं." पण तो हसत होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते छापून आणलं आणि बुधवारपर्यंत तीन गल्ल्यांत वाटून झालं. आमच्याकडे एक म्हणणं होतं, बाबांचं: छापलेलं परत घ्यायचं नाही. चुकलं तर पुढच्या पत्रकात दुरुस्ती द्यायची, पण वाटलेला कागद गोळा करत फिरायचं नाही, लोकांचा विश्वास त्याने जातो.

कदम सरांनी पत्रक वाचलं. मग म्हणाले, "सुजाता, कापूर जिभेवर ठेवणं वेगळं. तो आपण थुंकू शकतो. हे पोटात जातं बाळ."

"पण सर, आपल्याला माहीत आहे त्यात काय आहे."

"काय आहे ते माहीत आहे. किती आहे ते माहीत आहे का?"

बाबा म्हणाले, "सर, छापलंय. आता आपण माघार घेतली तर महाराज म्हणणार, घाबरले." शेवटी तोडगा निघाला. गोळी एकच होती. तिचे दोन भाग करायचे. एक भाग दादाने खायचा, दुसरा पुडीत बांधून प्रयोगशाळेत पाठवायचा. पुडी सांभाळायचं काम माझं.

शनिवारी संध्याकाळी नळाला पाणी आलं होतं. मी आणि दादा हंडे भरत होतो. तो रबरी पाइप धरून उभा होता. म्हणाला, "सुजे, मी नुसतं भाषण केलं तर? गोळी दाखवतो, काय आहे ते सांगतो, खात नाही. काकूंचं ते विहिरीतलं पोरगं डोक्यातून जात नाहीये."

"आता? सगळीकडे वाटलंय दादा."

"वाटू दे ना यार. सांगायचं, तब्येत बरी नाही."

"मग उद्यापासून निखाऱ्यावरून पण नको चालूस. ते पण घाबरायचं काम आहे." मी हे हंड्याकडे बघत म्हणाले, त्याच्याकडे नाही. "मी खाते. मला दे."

"गप ए," तो म्हणाला, आणि पाइप दुसऱ्या हंड्यात टाकला.  निखाऱ्याचं ते माझं वाक्य मी कितीतरी वेळा पुसायचा प्रयत्न केला आहे. लिहून खोडता येतं, बोललेलं तसंच राहतं.

रविवारी मैदानात तीनशेतरी माणसं होती. आमच्या सभेला एवढी गर्दी कधी नव्हती आणि मला वाटलं ते माझ्या पत्रकाचं यश आहे. मठाची माणसं कमानीखाली हात बांधून उभी होती. महाराज बाहेर आले नाहीत. बाबांनी प्रास्ताविक केलं, कदम सरांनी धोतऱ्याचं बोंड हातात धरून झाडाची माहिती सांगितली. हृदय जोरात धडधडतं, तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणसाला नसलेलं दिसतं आणि ते नसलेलं आहे हे त्याला कळत नाही, असं ते सांगत होते. मग दादाने अर्धी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला, तोंड उघडून दाखवलं. "गूळ बरा आहे," तो म्हणाला. लोक हसले.

पुढचा पाऊण तास काहीच झालं नाही. आम्हाला तो विजय वाटला. धोतरा सावकाश चढतो, काही झालं नाही म्हणून आणखी घेणारेच त्यात जास्त मरतात, हे मला नंतर इस्पितळातल्या एका डॉक्टरने सांगितलं. तेव्हा दादा नेहमीचे विनोद करत होता, प्रश्नांना उत्तरं देत होता. कमानीखालून एकजण ओरडला, "अर्ध्याने काय होतंय? आमची म्हातारी अख्खी खाते."

"बाकीची अर्धी कुठंय? घरी न्यायची काय लाडू म्हणून?" दुसरा म्हणाला.

गर्दी हसली, आणि पहिल्यांदाच ती आमच्याबरोबर हसत नव्हती. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. कदम सर मैदानाच्या त्या टोकाला कुणाशीतरी बोलत होते. बाबा माझ्या शेजारी होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि हातातला पत्रकांचा गठ्ठा सरळ केला. मी पुडी उघडली आणि उरलेली अर्धी गोळी माझ्या भावाच्या तळहातावर ठेवली. त्याचा हात गरम होता. मला वाटलं, उन्हात उभा आहे म्हणून.

साडेसहाच्या सुमारास तो वारंवार पाणी मागायला लागला. ओठ जिभेने ओले करायचा आणि ते लगेच कोरडे पडायचे. चेहरा लालभडक झाला, पण घामाचा थेंब नाही. मग बोलता बोलता तो थांबला आणि समोरच्या हवेत दोन्ही हात वर करून काहीतरी उघडायला लागला. मी आधी समजले, हा नाटक करतोय, महाराजांच्या भक्तांची टिंगल. त्याने खिशातून टेस्टर काढला. हवेतला एक स्क्रू फिरवला, मग दुसरा. एक वायर ओढून दातात धरली. "पॅनल उघडलंय," तो म्हणाला, "मेन बंद कर. अरे मेन बंद कर, बाई आत अडकली आहे." त्याच्या डोळ्यांत बाहुलीशिवाय काही उरलं नव्हतं. मी "दादा" म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे, जसं तो सोसायटीतल्या लोकांशी बोलायचा तसं, म्हणाला, "मॅडम, जिन्याने जा. लिफ्ट बंद आहे."

"अंगात आलं," कुणीतरी म्हणालं. तेवढंच पुरलं. पुढच्या बायकांनी हात जोडले. एकीने त्याच्या पायाशी नारळ ठेवला. मोबाइल वर झाले. बाबा स्टुलावर चढले आणि ओरडायला लागले, "हा धोतरा आहे. हे झाड आहे. हे विष आहे, चमत्कार नाही." त्यांच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता आणि ते पत्रकं वाटत होते. मी ते विसरू शकत नाही. मुलगा हवेत वायरी जोडत होता आणि बाप लोकांना पत्रकं वाटत होता. त्या पत्रकावर लिहिलं होतं की त्याला काहीही होणार नाही.

गर्दी फोडून सावंत काकू आल्या. त्यांनी दादाच्या कपाळाला हात लावला आणि बाबांकडे वळून म्हणाल्या, "भावजी, भाषान बंद करा. रिक्षा आणा."

"वहिनी, लोकांना आत्ता सांगितलं नाही तर..."

"झील मरता हा तुमचो."

रिक्षात दादा मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला काकू, पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा. काकूंनी पदर पाण्यात भिजवून त्याच्या मानेवर धरला होता, तो पाच मिनिटांत कोमट व्हायचा. आई घरी होती. तिला दुसऱ्याच कुणीतरी फोनवर व्हिडिओ दाखवला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? बाबा सांगायला लागले की आमच्या भागात एक भोंदू... डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्याहून फार मोठी नसेल. ती म्हणाली, "काका, ते नंतर. किती खाल्लं?" कोणालाच माहीत नव्हतं. एक गोळी, मी म्हणाले. गोळीत किती बिया, कशाबरोबर, ताज्या की सुकलेल्या? मला माहीत नव्हतं. "काही उरलंय का? दाखवायला?" मी रिकामी पुडी पुढे केली.

त्याला पलंगाला बँडेजने बांधावं लागलं. लघवी अडली म्हणून नळी घातली. ताप उतरेना, बर्फ आणला. तो रात्रंदिवस लिफ्ट दुरुस्त करत होता. बांधलेली बोटंही हलत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला झटके आले, एकामागून एक, आणि उलटी फुप्फुसात गेली. मग यंत्रावर ठेवलं. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. बाबा तिच्याजवळ गेले तर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही तिकडे बसा." ती नंतर कधीच मोठ्याने भांडली नाही. खळ मात्र पुन्हा केली नाही. पातेलं भंगारवाल्याला दिलं.

त्या तरुण डॉक्टरने मला एकदा कॉरिडॉरमध्ये समजावलं. यातून बरेच जण दोन-चार दिवसांत बाहेर येतात, ती म्हणाली, त्यांना काही आठवतही नाही. पण याला ताप फार होता, झटके लांबले, मेंदूला हवा कमी पडली. "किती भरून निघेल ते आत्ता सांगता येणार नाही." मी विचारलं, "पण निघेल?" ती फाइलकडे बघत राहिली. मी आजवर बऱ्याच माणसांच्या तोंडावर बरीच कडू सत्यं फेकली आहेत आणि प्रत्येक वेळी मला आपण शूर असल्यासारखं वाटलं आहे. त्या मुलीने न बोलता जे केलं ते मला जमलं नसतं.

पंचविसाव्या दिवशी दादा घरी आला. हाताला कंप होता, तो अजून आहे. शब्द सापडायला वेळ लागायचा. सकाळी काय जेवलो ते दुपारी आठवायचं नाही. कंपनीने आधी रजा दिली, मग हिशेब केला. टेस्टर त्याच्या हातात देऊन पाहिला, तर त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि बाजूला ठेवला. व्हिडिओ तोवर मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत फिरला होता. "नास्तिकाला देवाने दाखवली जागा." बाबांनी तक्रार दिली. मठाच्या लोकांनी सांगितलं, आमच्या प्रसादात गूळ आणि तुळस असते, पोरगं घरून काय खाऊन आलं आम्हाला काय माहीत. पोलिसांनी नमुना मागितला. नमुना दादाच्या पोटात गेला होता. इस्पितळाच्या कागदावर धोतऱ्याची लक्षणं लिहिली होती, पण तो धोतरा कुणाच्या हातचा हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि आमचं पत्रक तर सांगतच होतं की आम्ही ते राजीखुशीने खाणार आहोत. मठाच्या वकिलाने तेच पत्रक पुरावा म्हणून जोडलं. रांग मोठी झाली. कमानीवर कळस बसला. कदम सर दोन वर्षांनी गेले. जाण्याआधी मला म्हणाले, "मी त्या टोकाला का गेलो गं तेव्हा?"  

मी अजून लिहिते. अजूनही भोंदूंविरुद्ध लिहिते, कारण ते भोंदूच आहेत, त्यात माझं मत एक इंचही बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की "काहीही होणार नाही" हे वाक्य मी आता कुणासाठी लिहीत नाही. माझ्या या बदलाने कुणाचं भलं झालं असेल असं मला वाटत नाही. ज्यांना वाचवायचं होतं ते सगळे त्या व्हिडिओनंतर आणखी श्रद्धेने ती गोळी खायला लागले. त्यातला कोणी मेला असेल तर तो कुठल्या कागदावर आला नाही.

दादाला ती संध्याकाळ आठवत नाही. सुरुवातीला तो रोज विचारायचा आणि आम्ही रोज सांगायचो. आता आठवड्यातून एखादवेळी विचारतो. मधल्या काळात त्याला आणखी एक उत्तर मिळालं आहे, देवाने शिक्षा केली असं, गल्लीतल्या कुणाकडून तरी. गेल्या वर्षीपासून तो सोमवारी आंघोळ करून मठात जातो. पहिल्यांदा गेला तेव्हा बाबांनी त्याला दारात अडवलं. दादाने त्यांना शांतपणे बाजूला केलं, जसं लिफ्टच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला करावं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. नंतर ते अडवायचे थांबले.

एका सोमवारी मी त्याच्याबरोबर चालत गेले. वाटेत म्हटलं, "दादा, तिथे कोणी नाहीये रे. तुला जे झालं ते झाडाने झालं. झाडाला राग नसतो, लोभ नसतो. कुणी तुला शिक्षा केलेली नाही."

त्याने बराच वेळ शब्द जुळवले. कंप असलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

"महाराज म्हणतात, माफी मागत राहायचं. एक दिवस देव देईल." तो थांबला. "तू म्हणतेस कोणी केलंच नाही."

"हो."

"मग सुजे, मी कधी बरा होणार ते विचारायचं कुणाला?"

तो माझ्याकडे खरोखर उत्तराच्या अपेक्षेने बघत होता. मी त्याची धाकटी, लिहिणारी बहीण, मला सगळं माहीत असतं अशी त्याची अजूनही समजूत आहे. रांगेतल्या माणसांनी त्याला पुढे यायला हाक मारली. तिथे त्याला सगळे ओळखतात, पुढे जागा देतात. तो गेला. मी कमानीच्या बाहेर, त्याने काढलेल्या चपलांपाशी उभी राहिले, दीड तास.